खाली कोण उभं आहे?

सोनकांबळे सर फोन कधीच आधी ठेवत नसत. समोरच्याने ठेवला, तिकडचा आवाज तुटला, की मग आणखी दोन-तीन क्षण थांबून ते रिसीव्हर हळूच जागेवर ठेवायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मला ती त्यांची अदब वाटली. हैदराबादेतल्या जुन्या माणसांमध्ये अशी अदब असते. दारापर्यंत पोचवायला येतात, पाहुणा वळणाआड जाईपर्यंत उभे राहतात. ती अदब नव्हती, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

आमचं ऑफिस म्हणजे एक मोठी, थंडगार खोली. राज्यातल्या कुठल्या केंद्राने या घटकेला किती वीज तयार करायची, हे त्या खोलीतून फोनवर सांगितलं जातं. गव्हासारखी वीज कोठीत भरून ठेवता येत नाही. लोक जितकी वापरतात तितकीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते, कमी नाही आणि जास्तही नाही. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर मधोमध एक आकडा पन्नासच्या आसपास हलत असतो. वीज कमी पडून तो पन्नासाखाली घसरायला लागला, की खोलीतल्या सगळ्यांच्या माना वर होतात. सोनकांबळे सर त्या खोलीत शिफ्टचे प्रमुख होते.

सडपातळ बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, उन्हाळ्यात कॉलरीत घडी घालून खोचलेला रुमाल. तंत्रज्ञांशी तेलुगू, ड्रायव्हर-चपराशांशी दखनी आणि माझ्याशी मराठी. मूळचे देगलूरकडचे. वडील तरुणपणीच हैदराबादेत येऊन छापखान्यात कामाला लागले होते. घराण्यात इंजिनिअर झालेले सर पहिले. पण त्याबद्दल ते बोलत नसत. सगळ्यांना, अगदी फरशी पुसायला येणाऱ्या यादम्मालाही, ते ‘तुम्ही’ म्हणत.

माझं नाव वैशाली. आजोबांची परभणीकडे शेती होती, पण मी वाढले नारायणगुड्यात, इंग्रजी शाळेत. मराठी बोलायचे, वाचताना मात्र अडखळायचे. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं. दुपारी डबा खाताना ते मराठी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवायचे आणि एक उतारा मोठ्याने वाचायला लावायचे. मी अडले की म्हणायचे, “जोडाक्षराला भिऊ नका वैशालीबाई, ते चावत नाही.” मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मला ‘बाई’ म्हणणारे ते एकटेच.

पण ऑफिसात त्यांची ओळख होती ती त्यांच्या एका प्रश्नामुळे.

कोळशावर चालणाऱ्या एखाद्या केंद्राला वीज कमी कर किंवा वाढव असं सांगायचं, तर फोन अर्ध्या मिनिटाचा असतो. आकडा सांगायचा, वेळ सांगायची, ठेवायचा. सर आकडा सांगत, वेळ सांगत आणि मग विचारत, “बॉयलरच्या खाली कोण उभं आहे?” जुने शिफ्ट इंजिनिअर लगेच उत्तर देऊन टाकत, कोणी नाही सर. तर सर शांतपणे म्हणत, “न बघता सांगितलंत. बघून या. मी थांबतो.” आणि खरंच थांबत. कधी पाच मिनिटं, कधी दहा. पडद्यावरचा आकडा हलत असे, दुसरे फोन वाजत असत, आमचे मोठे साहेब काचेच्या केबिनमधून बघत असत आणि सर कानाला रिसीव्हर लावून बसलेले. त्यांच्या माघारी त्यांना ‘नीचे कौन है साब’ म्हणत. मीही म्हटलं आहे.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती बुद्धपौर्णिमेला. दिलसुखनगरला, खाली दोन कोचिंग क्लास आणि वर ते, अशा इमारतीत ते राहत. जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग, त्यातून वाट काढत वर जायचं. काकूंनी खीर केली होती. त्यांच्या मदतीला मी स्वयंपाकघरात गेले, तर वरण एका मोठ्या पातेल्यात शिजत होतं. कुकर कुठे आहे, मी आपलं सहज विचारलं.

“आमच्यात कुकर नाही,” काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “शिट्टी झाली की यांना बसवत नाही. उठून गॅलरीत जातात. मग मीच देऊन टाकला.”

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मला खिरीच्या वाट्या भरायला लावल्या.

तेव्हा राज्यात सूर्यावरची वीज जोरात येऊ लागली होती. पालमूरकडच्या माळरानांवर मैलोगणती निळ्या काचा उभ्या राहत होत्या. एकदा आम्हा चार-पाच जणांना तिथे नेलं. बाकीचे फोटो काढत होते. सर एकटेच दोन रांगांच्या मधून खूप आत चालत गेले. मी मागून गेले तर ते एका काचेवर तळहात ठेवून उभे होते. तिथे आवाजच नव्हता. धूर नाही, धडधड नाही. दूरवर दोन बाया पाण्याच्या पाइपने काचा धूत होत्या.

“इथं कुणी भाजत नाही,” सर म्हणाले.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर ते इतके खुशीत होते की शादनगरच्या पुढे गाडी थांबवून सगळ्यांना मिरचीभजी खाऊ घातली. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

ती खुशी वर्षभरही टिकली नाही. दुपारी सूर्याची वीज भरभरून यायची, म्हणून कोळशाची केंद्रं खाली आणावी लागत. संध्याकाळी सूर्य उतरला आणि घराघरात दिवे, कूलर, एसी सुरू झाले की तीच केंद्रं धावतपळत वर न्यावी लागत. जी म्हातारी बॉयलरं वर्षानुवर्षं एका चालीने चालली होती, ती आता रोज गार करायची आणि रोज तापवायची. नळ्या चिरत. भट्टीच्या भिंतीला राख वितळून चिकटे आणि तिचे दगड होत. ते दगड खालच्या पाण्याच्या हौदात पडून अडकले की लांब सळया घेऊन माणसं ते फोडायला जात. सरांच्या चौकशीला आता “दोघं आहेत”, “चौघं आहेत” अशी उत्तरं वरचेवर येऊ लागली. एकदा फोन झाल्यावर ते मला म्हणाले, “सूर्य मावळला की पुन्हा त्यांनाच हाक मारायलो आपण.” त्यांचं जेवण कमी झालं होतं. भाकरीचा अर्धा तुकडा डब्यात तसाच घरी जायचा.

मग ती एप्रिलमधली संध्याकाळ आली.

चारच्या सुमाराला दक्षिणेकडून ढग आले आणि सूर्याची वीज घसरायला लागली. शहर मात्र तापलेलं होतं, मागणी चढत होती. साडेपाचला गोदावरीकाठच्या एका जुन्या केंद्रातून फोन आला. तिथल्या चार नंबरच्या युनिटमध्ये भट्टीत मोठा दगड धरला होता, तो कधीही खाली येईल अशी भीती होती. युनिट बंद करू द्या, असं तिथला शिफ्ट इंजिनिअर म्हणत होता. ते युनिट बंद झालं तर शहराचा मोठा भाग अंधारात जाणार, हे पडद्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. नऊपर्यंत चालवा, नऊनंतर मागणी उतरेल, मग बंद करा, असं त्यांनी सांगितलं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांच्यावरही वरून फोन येत होते.

सरांनी फोनवर विचारलं, खाली कोण उभं आहे. दोघं होते. सळया घेऊन, हौदाचं दार उघडायच्या तयारीत.

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मला फार वाटला. मग स्वच्छ आवाजात ते म्हणाले, “त्यांना वर बोलवा. युनिट बंद करा. मी सांगतोय, माझं नाव लिहा.”

नंतरचा अर्धा तास आम्ही शहराच्या एकेका भागाची वीज तोडत होतो. दवाखान्यांच्या लाइनी वगळायला सरांनी मला बसवलं होतं. मी प्रत्येकीवर दोनदा बोट ठेवून बघत होते. दिलसुखनगर गेलं, मलकपेट गेलं. मोठे साहेब केबिनमध्ये परत गेले. त्यांनी दार लावून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

साडेआठच्या आसपास त्याच केंद्रातून पुन्हा फोन आला. तो इंजिनिअर हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. भट्टी गार होताना दगड सुटला होता. लॉरीच्या केबिनएवढा. खालचं लोखंडी दार उखडून तो थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेला. ज्या जागी ती दोन माणसं उभी असती तिथे आता काहीच नीट उरलं नव्हतं. माणसं वर चहा पीत होती.

मला वाटलं, सर आता खुर्चीत मागे रेलतील. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले. ते टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसले होते.

“म्हणजे तेव्हाही एवढंच करायचं होतं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, केव्हा, सर? त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेऊन टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वर्तमानपत्र पुढे न सरकवता, त्यांनी मला सगळं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी ते याच खोलीत नुकतेच बदलून आलेले अधिकारी होते. अशीच संध्याकाळ होती, तेच केंद्र आणि तेच युनिट. तिकडच्या इंजिनिअरने बंद करू का म्हणून विचारलं आणि सरांनी पडद्याकडे बघून सांगितलं, दोन तास ओढा. दीड तासाने पुन्हा बोलणं सुरू असताना तिकडे धप्प असा आवाज झाला. इंजिनिअर रिसीव्हर टेबलावर टाकून पळाला. फोन चालूच राहिला. त्यातून धोक्याची घंटा ऐकू येत होती आणि एक लांबलचक शिट्टीसारखी वाफ. सर रिसीव्हर धरून बसून राहिले. कुणीतरी येईल, सांगेल, म्हणून. वीस मिनिटांनी कुणीतरी येऊन तो फोन न बोलताच ठेवून दिला.

दगड पाण्यात पडला होता, पाण्याची एकदम वाफ झाली होती आणि ती खालच्या दारातून बाहेर आली होती. दारापाशी रशीद नावाचा कंत्राटी कामगार होता. चौकशी झाली, कामगाराने पुरेशी काळजी घेतली नाही असं अहवालात आलं. सरांच्या फोनचा त्यात उल्लेख नव्हता. कुणी त्यांना विचारलंही नाही.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं का, हेच मला ठाऊक नाही,” सर म्हणाले. “इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की दगड तसाही पडला असता. माणूस तसाही गेला असता. काल कळलं की नाही.”

रशीदची बायको सकीना नंतर भावाकडे, हैदराबादेत अफझलगंजला येऊन राहिली होती. सर दर ईदला तिच्याकडे जात. प्लांटमधला दोस्त, एवढीच त्यांनी ओळख दिली होती. सतरा वर्षं ते तिथे बसून शीरखुर्मा खाऊन आले होते.

पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं; फक्त म्हणाले होते, एकट्याने पाय उचलत नाही. अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीच्या मागच्या बाजूला, लोखंडी सामानाच्या दुकानांमधून आत गेलं की एक अरुंद जिना आहे. वरच्या खोलीत सकीनाआपा लाकडी चौकटीवर ओढणी ताणून मणी शिवत बसल्या होत्या. ईद नसताना सरांना बघून त्या जरा चपापल्या. मी दाराशी स्टुलावर बसले.

सरांनी चहा नको म्हटलं. मग मांडीवर हात ठेवून म्हणाले, “आपा, उस शाम प्लांटवाले मेरे कू फोन करे थे. युनिट बंद करतूं बोले. मैं बोला, नक्को, दो घंटे चलाओ.”

त्यांची सुई थांबली. “आप बोले?”

“हौ. मैं बोला.”

खाली कुणीतरी लोखंडी सळया हातगाडीवर टाकत होतं. तो आवाज संपला. मग त्यांनी विचारलं, “उनकी आवाज सुने क्या आप?”

“नहीं आपा. घंटी बज री थी. आदमी की आवाज नहीं आई.”

“सतरा बरस से मेरे कू येइच पूछना था,” त्या म्हणाल्या. “वो चिल्लाए क्या, किसी का नाम लिए क्या. पूछने कू कोई नहीं था. और आप यहींच बैठ के जाते थे.”

सर मान खाली घालून बसले होते. आपांनी दोरा दाताने तोडला, सुई कापडात खोचली आणि उठल्या. रागावल्या नव्हत्या. आवाज चढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

“अब नक्को आओ,” त्या म्हणाल्या.

उतरताना मी त्यांच्या भावजयीकडे माझा नंबर देऊन ठेवला. का ते सांगता येणार नाही. सर जिन्यावरून भिंतीला धरून उतरले. गाडीत बसल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पूर्ण रस्ताभर हातात धरून ठेवला.

त्या एप्रिलच्या संध्याकाळबद्दल त्यांना नोटीस आली. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की निर्णय माझा होता आणि बरोबर होता. पदोन्नती राहिली, आणि तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मोठे साहेब आले होते. हार घालताना त्यांनी सरांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. सर ईदला अफझलगंजला गेले नाहीत. त्या दिवशी ते गॅलरीत सकाळपासून बसून होते, असं काकू म्हणाल्या.

गोदावरीकाठचं ते केंद्र पुढे बंद झालं. जुनं झालं होतं, दुरुस्तीत अर्थ नव्हता. ते पाडायचं आणि राखेच्या तलावावर सूर्याच्या काचा बसवायच्या, असं ठरलं. बातमी सगळीकडे आली. चार दिवसांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सकीनाआपा होत्या.

“वो जगह गिराने वाले हैं सुनी मैं,” त्या म्हणाल्या. “गिराने के पहले मेरे कू देखना है. साब कू बोलो, ले के जाओ बोल के.”

मी आत जायची परवानगी काढली. पहाटेच निघालो. सर ड्रायव्हरशेजारी, मागे मी आणि आपा. चार-पाच तासांच्या रस्त्यात एकदा चहाला थांबलो तेवढंच. फाटकाच्या आत गेल्यावर सरांनी इकडे-तिकडे बघितलं आणि गार्डला विचारलं, चार नंबर कुठे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सर इथे कधी आलेच नव्हते. नकाशावरून त्यांना या जागेचा खांब न् खांब पाठ होता. पण इतक्या वर्षांत त्यांचे पाय इथे वळले नव्हते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सर गेले. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होते, वेळेवर पोचू शकले नाही. म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन माझ्यापाशी आहे ते त्या दुपारचंच.

चिमणीतून धूर नव्हता. इतकी मोठी इमारत आणि आत कबुतरांच्या पंखांशिवाय आवाज नाही. गार्डने बॉयलरच्या खालच्या बाजूला जाणारा रस्ता हाताने दाखवला आणि तो थांबला. मीही थांबले. उन्हातून बघताना आत अंधार होता आणि वाटेत जाड, गंजलेले पाइप खाली आलेले होते. सर पुढे, सकीनाआपा दोन पावलं मागे, बुरख्याचं टोक हातात धरून. पहिल्या पाइपापाशी सर वाकले, पलीकडे गेले आणि वळले. पाइपाच्या खालच्या कडेला त्यांनी आपला तळहात लावला, आपांचं डोकं आपटू नये म्हणून. आपांनी एकदा त्या हाताकडे बघितलं आणि वाकून त्याच्याखालून आत गेल्या.